पगार महिन्याला, खर्च वर्षाला

१६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतलं आणि लगेचच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केलं. मोबदला तीन लाख रुपये. त्याआधीची पन्नासेक वर्षं हे शहर शहाजीराजांच्या आणि पुढे व्यंकोजींच्या जहागिरीत होतं. तंजावरात बसून एवढ्या लांबचा मुलूख सांभाळणं परवडेना, म्हणून व्यंकोजीही ते विकायच्याच बेतात होते. आज त्याच शहरात इंदिरानगरला दोन बेडरूमचं घर भाड्याने घ्यायचं तर तीन लाखांत डिपॉझिटसुद्धा भागेलच असं नाही.

ही गंमत जरा बाजूला ठेवू, कारण डिपॉझिट ही काही गमतीची गोष्ट नाही. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं ही बंगळूरची जुनी रीत. अलीकडे पाच-सहा महिन्यांवर राजी होणारे मालक भेटतात, पण दहाचा आग्रह धरणारेही आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. मात्र तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबाने ४५ हजार भाड्याच्या घराला साडेचार लाख रुपये मालकाकडे बिनव्याजी पडून. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ते असते, तर वर्षाला एकोणतीस हजार आले असते.

खरा पेच घर बदलताना पडतो. मुलाला सर्जापूर रोडच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि घर पार दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरला असेल, तर या शहराच्या रहदारीत घरच शाळेजवळ न्यावं लागतं. नव्या मालकाला डिपॉझिट आधी द्यायचं असतं. जुना मालक ते घर रिकामं झाल्यावर, भिंती-नळ तपासून, रंगकामाचं म्हणून महिन्याचं भाडं कापून मग परत करतो, कधी लगेच, कधी महिन्याभराने. मधल्या काळात चार-पाच लाखांची तजवीज कुठून करायची? नेमकी तेव्हाच शाळेची प्रवेश फी भरायची असते. दोघंही मिळवती, पगार चांगले, कुठे उधळपट्टी नाही, तरीही या महिन्यात पर्सनल लोन घेतलं जातं. पैसे जमले की भरून टाकू, असं ठरतं. ते चार वर्षं चालतं.

बंगळुरातल्या कमावत्या आईबापांच्या कर्जाचं मूळ मला इथे दिसतं. आपल्याकडे कर्ज म्हटलं की लगेच चैनीकडे बोट जातं: बाहेरचं जेवण, दहा मिनिटांत घरपोच येणारी आइस्क्रीमं, दर दोन वर्षांनी नवा फोन. त्यात तथ्य नाही असं नाही, पण गणित मांडून पाहिलं तर मोठी भोकं तिथे पडत नाहीत. ती पडतात वेळापत्रकात. पगार महिन्याला येतो, आणि मुलाबाळांच्या घराचे मोठे खर्च महिन्याला येत नाहीत. ते वर्षातून एकदा, दोनदा, तीनदा येतात.

एक कल्पित घर घेऊ. शाळेची फी वर्षाला १ लाख ८० हजार, तीन टप्प्यांत. शाळेच्या बसचे ३६ हजार. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३० हजार. आयुर्विमा आणि आरोग्यविमा मिळून ४० हजार. दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जाणं, घरच्यांना कपडे, एखादं लग्न, आईवडिलांच्या हातात ठेवायचे काही पैसे, असे ५० हजार. बेरीज ३ लाख ३६ हजार, म्हणजे महिन्याला २८ हजार. यातली एकही गोष्ट अचानक उद्भवणारी नाही. शाळा जूनमध्ये सुरू होणार हे जानेवारीतही माहीत असतं. पण महिन्याच्या हिशेबात हे २८ हजार दिसत नाहीत, त्यामुळे खात्यात उरलेली रक्कम शिल्लक वाटते. मग फीचा महिना उजाडतो आणि कार्ड पुढे होतं.

त्यात शहराची स्वतःची भर असते. २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटले तेव्हा टँकरवाल्यांच्या मनमानीमुळे जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले होते. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये पाण्याचा वेगळा आकार लागला, तोही अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत मेट्रोचं सर्वाधिक भाडं ६० वरून ९० रुपये झालं. असे धक्के अंदाजात धरता येत नाहीत. म्हणूनच जे धरता येतात ते तरी आधी धरलेले बरे.

पण हे बघणार कोण? सकाळी साडेसातला शाळेची बस, नऊला मीटिंग, संध्याकाळी रिंग रोडवर दीड तास, रात्री गृहपाठ. पैशांची चणचण आणि डोक्यावरचा भार यांच्या नात्यावर २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना ऊसतोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. माणसं तीच, पण तोडणीआधी, हाती पैसा नसताना, त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. तोडणीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, तोडणीनंतर फक्त ४ टक्क्यांनी. शेतकऱ्याचं उत्पन्न वर्षाला आणि खर्च रोजचा, आपलं नेमकं उलटं. ओढाताण मात्र त्याच जातीची. चणचणीत माणूस मूर्ख होत नाही, त्याचं लक्ष पुरत नाही. त्यामुळे रोजचा खर्च वहीत लिहा, महिनाअखेरीला ताळमेळ घाला, हे सल्ले लहान मुलं असलेल्या घरात चार आठवडेही टिकत नाहीत. सल्ला चुकीचा नसतो, तो रिकाम्या माणसासाठी असतो.

सावकारी करणाऱ्या संस्थांनी ही अडचण केव्हाच ओळखली. तुमचं लक्ष असो वा नसो, ५ तारखेला हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्यासाठीचा कागद कर्ज घेतानाच सही करून घेतलेला असतो. २०२० च्या जुलैपासून यूपीआयवरही अशी आपोआप वसुली सुरू झाली. ओटीटी, जिम, मुलाचा ऑनलाइन वर्ग, सगळे त्याच रांगेत उभे राहिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वजावटीच्या २४ तास आधी सूचना यावी लागते. ती येतेही, आणि आपण ती न वाचता बाजूला सारतो. घेणाऱ्यांची यंत्रणा आपल्या विसरभोळेपणावर बेतलेली आहे. बचतीची मात्र आपण आपल्या आठवणीवर सोपवलेली असते.

ही यंत्रणा उलटी फिरवता येते, आणि त्याचा धडा याच राज्यात आहे. १९२५ मध्ये उडुपीत उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी आठ हजार रुपयांच्या भांडवलावर एक बँक काढली. हातमागाचा धंदा बसल्याने अडचणीत आलेल्या विणकरांना आधार द्यावा हा हेतू. तीच पुढची सिंडिकेट बँक, जी १ एप्रिल २०२० ला बंगळुरात मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेत विलीन झाली. या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि अगदी दोन आणे असले तरी घेऊन जाणार. महाराष्ट्रात ज्याच्या घरी किंवा दुकानात पिग्मी एजंट येत असे, त्याला याची ताकद वेगळी सांगायला नको. दुकानदार बचत करत नसे, एजंट त्याच्याकडून करून घेत असे. विड्याच्या पानाला पैसे उरले का, हा विचार एजंट येऊन गेल्यावर.

आजच्या नोकरदाराने स्वतःचा पिग्मी एजंट नेमायचा. पगाराच्या खात्याखेरीज दुसऱ्या बँकेत एक खातं, ज्याचं कार्ड पाकिटात नाही आणि ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथे २८ हजार आपोआप जावेत अशी कायमची सूचना. शाळेची फी, विमा, गावचा प्रवास, सगळं याच खात्यातून. एवढं केलं की पगाराच्या खात्यात उरलेला पैसा खरोखरच खर्चायचा पैसा असतो, त्याचा हिशेब ठेवला नाही तरी चालतं. एक अडचण पहिल्या वर्षी हमखास येते: जानेवारीत सुरुवात केली तर जूनपर्यंत पाचच हप्ते जमतात आणि फीचा पहिला टप्पा, बसचे पैसे, विमा असं सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून पहिल्या वर्षीचा बोनस, नाहीतर एखादी मोडता येण्याजोगी ठेव, या खात्यात बियाणं म्हणून टाकावी लागते. बोनसचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

२८ हजार एकदम वळते करणं झेपत नसेल तर त्यालाही उपाय आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीच्या, आज बचत वाढवायला तयार नसलेल्या कामगारांसमोर वेगळा पर्याय ठेवला. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही वाटा बचतीत जाईल, एवढं आजच लिहून द्या, असं सांगितलं. त्या कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. हातात कधी आलाच नाही तो पैसा गमावल्याचं दुःख होत नाही, इतकी साधी गोष्ट. वाढीचं पत्र आलं त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात पैसे वळवण्याची सूचना बदलायची.

आता आधीच झालेल्या कर्जाकडे येऊ. इथे क्रम महत्त्वाचा, आणि क्रम व्याजाच्या दराने ठरतो, रकमेच्या आकाराने नाही. पन्नास लाखांचं गृहकर्ज भीतिदायक वाटतं आणि लाखभराची कार्डाची थकबाकी किरकोळ. आकाराला भिऊन लोक गृहकर्जात जादा पैसे भरतात आणि कार्ड तसंच लोंबकळत ठेवतात.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. एक लाखावर ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३०. किमान देय रक्कम पाच टक्के असेल तर तुम्ही पाच हजार भरता आणि कर्ज उतरतं ८७० रुपयांनी. शिवाय थकबाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदत संपते, म्हणजे उद्या आणलेल्या भाजीवरही उद्यापासूनच व्याज. कायदा यातून वाचवेल ही आशाही नको. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

म्हणून कार्डाची थकबाकी असेल तर ती कमी व्याजाच्या कुठल्याही पैशाने आधी मिटवावी. ठेव मोडून, पीपीएफवर कर्ज काढून, आणि तेही नसेल तर सोनं तारण ठेवून. इथे मराठी घरात आवाज चढतात याची मला कल्पना आहे. दागिने गहाण टाकणं म्हणजे घराची अब्रू गेली ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे, आणि सावकाराने गिळलेल्या पाटल्या-बांगड्यांच्या कथा ऐकतच आपण मोठे झालो. पण बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डाच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या व्याजात मिळतं. चाळीस टक्क्यांचं कर्ज गुपचूप वाहणं अब्रूचं आणि दहा-बारा टक्क्यांचं उघडपणे घेणं बेअब्रूचं, हा हिशेब मला पटत नाही. अट एकच: कार्डावर पुन्हा थकबाकी साठू द्यायची नाही, नाहीतर दोन्ही कर्जं राहतील.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल दोनच वाक्यं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी किमतीत किंवा शुल्कात दडवलेलं असतं. एखादी वस्तू रोख घेतली तर किती सवलत मिळेल हे दुकानदाराला विचारा, म्हणजे व्याज किती ते कळेल.

गृहकर्जाचं प्रकरण मोठं आहे. पन्नास लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ व्याजात जातात, मुद्दल फिटतं अवघं आठ हजारांच्या आत. वीस वर्षांत मिळून एक कोटी चार लाख भरले जातात. वर्षाला एक हप्ता जादा भरत गेलं तर तेच कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं आणि दहा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे.

ज्यांनी २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं त्यांची गोष्ट मात्र प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. तेव्हा पन्नास लाखांचा हप्ता ३८,०१८ रुपये बसत होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याला जोडलेलं कर्ज सव्वानऊ टक्क्यांवर पोहोचलं. पन्नास लाखांवर सव्वानऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ३८,५४२ होतं, हप्त्याहून जास्त! बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत ताणली, आणि पुष्कळांना कर्ज आपल्या निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचं कळलंच नाही. हप्ता बदलला नाही म्हणून काही बदललं असं वाटलंच नाही. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने यावर बंधन घातलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही करायचं, हे कर्जदाराला विचारलंच पाहिजे.

२०२५ मध्ये रेपो उतरत सव्वापाच टक्क्यांवर आला. आता उलटा मोह होतो, हप्ता कमी करून घ्यायचा. घेऊ नका. हप्ता तोच ठेवा, मुदत आपोआप आटते. आणि कर्ज २०१९ च्या ऑक्टोबरआधीचं, जुन्या पद्धतीच्या दराला जोडलेलं असेल, तर थोडं शुल्क भरून रेपोशी जोडून घेता येतं का ते बँकेत विचारा. आणखी एक गैरसमज निकालात काढायला हवा. करसवलत मिळते म्हणून कर्ज ठेवावं, हे नव्या करप्रणालीत लागू नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर तिथे वजावट मिळत नाही.

घर घेण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी किमतीवरचा बोजा मोजावा. कर्नाटकात ४५ लाखांवरच्या घराला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के. एक कोटीच्या घराला सात लाखांहून जास्त इथेच गेले, आणि ते गृहकर्जात धरले जात नाहीत. बँक किमतीच्या ७५-८० टक्केच देते. हे वरचे पैसे पर्सनल लोनने उभे करून घेतलेलं घर पहिली पाच वर्षं मुलांच्या फीच्या मुळावर येतं.

बंगळुरात भाडं आणि खरेदी यांच्या मधला तिसरा मार्गही आहे. मुंबईकर ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात, त्याला इथे लीज म्हणतात. मालकाला वीस लाख एकरकमी द्या, दोन-तीन वर्षं भाडं शून्य, शेवटी वीस लाख परत. घराचं भाडं तीस हजार असेल तर वर्षाला ३ लाख ६० हजार वाचले, म्हणजे अठरा टक्के परतावा. मग चौदा टक्क्यांनी पर्सनल लोन काढूनही हे परवडतं, असं गणित लोक मांडतात. मांडतात ते बरोबर, पण एक प्रश्न राहतो. घरासारखं तारण हाताशी असताना मालक अठरा टक्क्यांनी पैसे का उचलतो? बरेचदा बँकेने त्याला आणखी द्यायचं नाकारलेलं असतं, घर आधीच तिच्याकडे गहाण असतं. त्याचे हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते आणि वीस लाख वसूल करायला भाडेकरू कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी टाळणारा मालक, किंवा मालमत्ता नोंदणीच्या कावेरी पोर्टलवर बोजा दाखला काढू न देणारा दलाल, दिसला की तिथून उठावं.

भिशीबद्दलही लोक विचारतात. इथे तिला चीटी म्हणतात आणि सोसायटीत, ऑफिसात, मंडळात सगळीकडे ती चालते. वीस जण, पाच हजार, वीस महिने. तिसऱ्याच महिन्यात गरज आहे म्हणून कोणी पंचवीस हजार सोडून लाखाची भिशी पंचाहत्तर हजारांना उचलली, तर ते जबर व्याजाचं कर्ज आहे, बोलीच्या गडबडीत तसं वाटत नाही इतकंच. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला ती बरी बचत होते, तीही चालक प्रामाणिक असेल तर. १९८२ च्या चिटफंड कायद्याखाली नोंदलेल्या आणि खुद्द कर्नाटक सरकारच्या एमएसआयएल कंपनीच्या भिश्या असताना, ओळखीपाळखीच्या बिननोंदणी भिशीत मुलाच्या फीचे पैसे गुंतवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

नोकरी गेली तर काय, हा प्रश्न या शहरात आता कोणी हसण्यावारी नेत नाही. सहा महिन्यांचा अटळ खर्च बाजूला हवा. अटळ म्हणजे भाडं, हप्ते, फी, किराणा, औषधं. सहा महिन्यांचा पगार नव्हे. हा पैसा कुठे ठेवावा, याचं उत्तर बंगळुरातल्या बसवनगुडीचे ज्येष्ठ नागरिक फार मोठी किंमत मोजून शिकले. थोडं जास्त व्याज देणाऱ्या श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध आणले, आणि खातेदाराला आपल्याच पैशांतले फक्त ३५ हजार काढायची मुभा राहिली. पुढच्याच महिन्यात ठेवींचं विमासंरक्षण एका लाखावरून पाच लाखांवर गेलं. त्याआधीच्या सप्टेंबरात मुंबईची पीएमसी बँक अशाच निर्बंधांमुळे गाजली होती, म्हणजे हा काही कानडी प्रकार नव्हे. अडीअडचणीचा पैसा एका बँकेत पाच लाखांच्या वर ठेवू नये आणि अर्धा टक्का व्याजासाठी तो हलवू नये.

नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो, आणि नेमका तेव्हाच मुलाला डेंग्यू होतो. घराचा स्वतःचा आरोग्यविमा असावा, आणि ज्याच्या पगारावर मूल आणि कर्ज दोन्ही उभी आहेत त्याचा मुदत विमा निदान कर्जाच्या रकमेइतका तरी असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वैयक्तिक विम्यांवर जीएसटी नाही, त्यामुळे महाग पडतं हे कारण थोडं बोथट झालं आहे. बहुतेक घरांत पैशांचं सगळं एकालाच माहीत असतं, बहुधा नवऱ्याला. कुठली खाती, कुठले हप्ते, कुठल्या पॉलिसी, हा कागद दुसऱ्यालाही कुठे आहे ते ठाऊक हवं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनींची नावं लावता येतात.

शेवटी एक कर्ज, जे आपलं नसून आपल्या घरात वावरतं. मूल सांभाळणाऱ्या किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावर बहुधा दोन-तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांचे हप्ते असतात. वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, ज्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद होती. तिने वीस हजार उचल मागितली तर ती बिनव्याजी द्यावी, महिन्याला दोन हजार कापून घ्यावेत. भलेपणा म्हणून द्यावी हे आहेच, पण ती हप्त्याच्या भीतीने गावी निघून गेली तर आपल्या दोन नोकऱ्यांपैकी एक आठवडाभर बंद पडते.

पुन्हा आपल्या कर्जांकडे येऊ. कर्जदाराला दर तिमाहीला विवरण मिळालं पाहिजे, असंही रिझर्व्ह बँकेच्या त्या २०२३ च्या परिपत्रकात आहे: आजवर किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, व्याजाचा दर किती आणि हप्ते किती उरले. आपल्या प्रत्येक कर्जाचं ते या आठवड्यात मागवून घ्या आणि उरलेल्या हप्त्यांचा आकडा मुलाच्या बारावीच्या वर्षाशी ताडून पाहा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. माहितीसाठीचा क्रमांक १४४४८.